काकवीपाशी थांबलेलं गुऱ्हाळ

औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या कुणालाही अरगटबद्दल विचारा, तो थेट युरोपात जाऊन पोचतो. राय नावाचं गव्हासारखं धान्य, त्याच्या लोंब्यांतून डोकावणारी काळी-जांभळी शिंगं, ती दळणात गेल्यामुळे मध्ययुगात पसरलेला ‘संत अँथनीचा अग्नी’, हातापायांची बोटं कोळशासारखी काळी पडून गळालेले शेतकरी, मग त्याच शिंगांची पूड बाळंतपणात वापरणाऱ्या सुइणी आणि शेवटी स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळा. हा सगळा पाढा मीही वर्षानुवर्षं वर्गात म्हटला आहे. संग्रहालयातल्या बरणीत नमुनाही रायचाच असायचा. आणि माझ्या माहेरी, खटाव तालुक्यात, फुलोऱ्याच्या वेळी पाऊस लागून राहिला की बाजरीच्या कणसांवर अरगट येतोच येतो. त्याबद्दल आमच्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नव्हती. बुरशीचं कूळ तेच, रोगाचं नाव तेच, पण आतलं रसायन वेगळं. ते वेगळं का, याचं उत्तर बुरशीच्या जनुकांत सापडलं. माझ्या मते ते सातारा-सांगलीच्या लोकांना सांगण्यासारखं आहे.

कारण या रोगाच्या भारतातल्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचं नाव अगदी वरच्या ओळीत येतं. दक्षिण भारतात तो चाळीसच्या दशकात नोंदला गेला होता, पण साथ म्हणावी असा उद्रेक १९५६ साली साताऱ्यात झाला. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. भिडे आणि हेगडे या दोघा वनस्पतिरोगतज्ज्ञांनी १९५७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्याची नोंद छापली. पाठोपाठ १९५८ साली मुंबई राज्यातल्या माणसांना अरगटी बाजरीने झालेल्या विषबाधेवरचा लेख वैद्यकीय नियतकालिकात आला. फ्रान्स-जर्मनीतल्या साथी तोंडपाठ असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही हे माहीत नसायचं. त्यात त्यांचा काही दोष नाही म्हणा.

मी गेली कित्येक वर्षं मलकापुरात राहते. कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर. मागे आगाशिवाचा डोंगर, आजूबाजूला ऊस. इथल्या शेतात बाजरी फारशी दिसत नाही, ती येते पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतून. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी मात्र घराघरात होते. माझं पोतं माहेराहून येतं. एका वर्षी वहिनीच ते घेऊन आली आणि सूप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “वन्सं, ह्ये काय म्हनायचं? उंदराच्या लेंड्या हायत्या का?” शंका रास्त होती. आकाराने बाजरीच्या दाण्याहून मोठं, गडद तपकिरी, एका टोकाला निमुळतं. नखाने दाबलं तर लेंडी चुरगळते, हे चुरगळत नाही. सुरीने कापलं तर आत फिकट, घट्ट गर. दाण्याच्या जागी बुरशीने बांधलेली ही गाठ. पुढचा पावसाळा येईपर्यंत मातीत तग धरून राहण्यासाठी तिने केलेली तजवीज.

ही गाठ तयार होते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, परागकोश काही दिवसांनी. या मधल्या दिवसांत बुरशीचा बीजाणू स्त्रीकेसरावर पडला, तर तो परागनलिकेसारखाच आत शिरतो आणि थेट बीजांडकोश गाठतो. पराग आधी पोचले तर मात्र स्त्रीकेसर सुकून आकसतात आणि वाट बंद होते. म्हणजे ही पराग आणि बुरशी यांच्यातली शर्यत आहे. त्या दिवसांत रिपरिप पाऊस असला, आभाळ गच्च असलं, की पराग धुऊन जातात आणि बुरशी जिंकते. जुन्या गावरान बाजरीत एक कणीस आज फुलायचं तर दुसरं चार दिवसांनी, त्यामुळे शेतात कुठून तरी पराग येत राहायचे. १९६५ च्या एचबी-१ पासून संकरित वाण आले, सगळं शेत एकदम फुलू लागलं आणि परागांविना उघडी राहिलेली ती खिडकीही सगळ्या शेतात एकाच वेळी मिळू लागली. संकरित बाजरीने पोट भरलं, हे खरंच आहे. अरगट वाढायलाही तिने हातभार लावला.

आत शिरलेली बुरशी आठवडाभरात कणसातून मधासारखे चिकट, गुलाबीसर थेंब गाळू लागते. ते गोड असतात. माश्या-मुंग्या त्यावर बसतात आणि त्यातले लक्षावधी बीजाणू पायाला लावून पुढच्या कणसावर जातात. मग त्या जागी गाठ धरते.

आता विषाकडे येऊ. १९७५ मध्ये राजस्थानात अरगटी बाजरी खाऊन लोक आजारी पडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि भट यांनी त्याचा अभ्यास केला. लक्षणं अशी: मळमळ, पुन्हा पुन्हा उलट्या, गरगरणं, आणि झोपेची गुंगी. एक-दोन दिवसांत माणसं बरी होत होती. त्यानंतर थोड्याच काळाने, १९७७-७८ मध्ये, इथिओपियात धान्यात मिसळलेल्या रानटी ओटवरचा अरगट लोकांच्या पोटात गेला. तिथे रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या, पाय काळे पडले, अवयव गमावले गेले, माणसं मेली. म्हणजे मध्ययुगातला तोच अग्नी. दोन्हीकडे गरीब शेतकरी, दोन्हीकडे ‘अरगट’. एका ठिकाणी उलट्यांवर निभावलं, दुसरीकडे पाय गेले.

फरक बुरशीच्या जातीचा. इथिओपियातली क्लॅव्हिसेप्स पुर्पुरिया, रायवरचीही तीच. बाजरीवरची क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस. हे दुसरं नाव लव्हलेस यांनी १९६७ साली ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, दिलं. त्याआधी आपल्याकडच्या लेखांत ती वेगळ्याच नावाने वावरत होती. पण नुसतं नाव कळून काय होतं? एक बुरशी बोटं झडवणारं विष बनवते आणि तिचीच चुलतबहीण ते बनवत नाही, असं का?

बुरशीच्या पोटात ही रसायनं एका दमात तयार होत नाहीत. टप्प्याटप्प्याने होतात आणि प्रत्येक टप्प्याला एक एन्झाइम लागतं. एन्झाइम बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. माणसात किंवा उसात एका कामाची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असली तरी चालतात. बुरश्यांची तऱ्हा निराळी: एक विष किंवा एक औषधी रसायन बनवणारी सगळी जनुकं त्यांच्यात बहुधा एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली असतात. त्याला जनुकांचा पुंजका म्हणू. पुर्पुरियातल्या अरगटच्या पुंजक्यात अशी चौदा जनुकं सापडली आहेत. एकत्र राहण्याचा फायदा उघड आहे. वारसाने जायची तर सगळी एकत्र जातात, आणि सुरू-बंद करायची तर एकदम करता येतात. या बुरशीच्या वाढीत फॉस्फेट भरपूर असेल तर ही रसायनं, म्हणजे अल्कलॉइड, बनवण्याचं काम मंदावतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिळालं की जोर धरतं.

कराडच्या माणसाला हे समजावून सांगायचं तर गुऱ्हाळासारखं सोपं काही नाही. चरक्यात ऊस, कढईत रस, मग मळी काढणं, मग काकवी, मग गुळव्या चाचपून बघतो आणि पाक वाफ्यात ओततो, शेवटी साच्यात ढेप. अरगटच्या पुंजक्यातलं पहिलं जनुक, डीएमए-डब्ल्यू, म्हणजे चरका. ते ट्रिप्टोफॅनला पाच कार्बनची एक शेपटी जोडतं, आणि तिथून पुढे माघार नाही. मधल्या काही टप्प्यांनंतर अ‍ॅग्रोक्लॅव्हिन आणि मग एलिमोक्लॅव्हिन तयार होतं. ही झाली काकवी. त्यापुढे क्लो-ए नावाचं जनुक एलिमोक्लॅव्हिनचं लायसर्जिक आम्ल करतं: हा गुळव्या. आणि एलपीएस नावाची मोठी जनुकं लायसर्जिक आम्लाला अमिनो आम्लांची साखळी जोडून अर्गोटामिनसारखी बोजड रसायनं घडवतात: ही ढेप. रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पाडतात त्या या ढेपा.

२००७ साली जर्मनीतल्या मुन्स्टर विद्यापीठात पॉल टुडझिन्स्की यांच्या गटाने, लोरेन्झ आणि इतर सहकाऱ्यांच्या नावाने, बाजरीच्या अरगटचा पुंजका रायच्या अरगटशेजारी ठेवून वाचला. चरक्यापासून काकवीपर्यंतचं प्रत्येक जनुक बाजरीच्या बुरशीतही होतं, धडधाकट. ढेपेच्या जनुकांपैकी तीन मुळातच नव्हती. एलपीएस-बी होतं, पण तुटकं, मधल्या अक्षरांची सरमिसळ झालेलं, म्हणजे जनुकाचं नुसतं भूत. आणि गुळव्या? तो जागेवर हजर होता. जनुक वाचलं तर उघड बिघाड कुठे दिसेना, बुरशी त्याची नक्कलही काढत होती, पण त्यातून निघणारं एन्झाइम काम करत नव्हतं. मग त्यांनी रायच्या बुरशीतलं क्लो-ए काढून बाजरीच्या बुरशीत घातलं, आणि ती लायसर्जिक आम्ल बनवू लागली! बाहेरून एक गुळव्या आणला तर काकवीच्या पुढचं काम सुरू झालं. म्हणजे काकवीपर्यंतचं सगळं गुऱ्हाळ ठीक होतं, तिथून गुळापर्यंत पोचायला अडलं होतं ते एका माणसापाशी.

या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. बाजरीच्या बुरशीला विष बनवण्याची विद्या हळूहळू साधत होती, असं नाही. तिच्या पूर्वजांकडे पूर्ण पुंजका होता, तो नंतर मोडला. उत्क्रांती म्हणजे सतत चढत जाणारी शिडी, हा समज आपल्या शालेय शिक्षणाने पक्का केला आहे. इथे बुरशीने घरातली भांडी मोडू दिली आणि तरीही साताऱ्याच्या कणसांवर सुखाने राहिली. १९५६ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आली ती ही मोडकी बुरशी. शाबूत असती तर काय झालं असतं, ते इथिओपियात दिसलं.

यातली आणखी एक गंमत. चरक्याचं जनुक, डीएमए-डब्ल्यू, अमेरिकेत १९९५ मध्ये प्रथम हाती लागलं. लेखाच्या शीर्षकात ते रायच्या अरगटचं म्हणून छापलं गेलं. पुढे कळलं की ज्या नमुन्यातून ते काढलं, तो नमुनाच मुळात बाजरीच्या अरगटचा, फ्युसिफॉर्मिसचा होता. म्हणजे या सगळ्या विद्येतली पहिली किल्ली आमच्या दुर्लक्षित बाजरीवाल्या बुरशीकडूनच मिळाली. मला याचा, का कोण जाणे, माहेरच्या कौतुकासारखा आनंद होतो.

हा फरक बघायला जर्मनीला जावं लागत नाही. वहिनीने आणलेल्या गाठी मी विद्यार्थ्यांना दिल्या होत्या. कुटून पूड केली, पेट्रोलियम ईथरने तेल काढून टाकलं, अमोनियाने अल्कधर्मी करून ईथरमध्ये अल्कलॉइड उतरवलं. तुलनेला अर्गोमेट्रिनच्या जातीच्या इंजेक्शनचा एक थेंब. दोन्ही पातळ थराच्या काचेवर चढवले आणि व्हॅन उर्कचं द्रावण फवारलं, तर ठिपके दोन्हीकडचे निळे झाले. पोरं निराश. मग दुसरी काच, द्रावण न फवारता, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरली. इंजेक्शनचा ठिपका निळा झळकला, बाजरीचा दिसलाच नाही. लायसर्जिक आम्लाच्या घराण्यातल्या रेणूंत एक दुहेरी बंध अशा जागी असतो की ते अतिनील प्रकाशात चमकतात. एलिमोक्लॅव्हिनसारख्या क्लॅव्हिनमध्ये तो बंध एक घर सरकलेला असतो, म्हणून ते अंधारात राहतात. काकवी आणि गुळातला फरक त्या एका घराचा. इतकी वर्षं शिकवून त्या दुपारी मुलांचे चेहरे जसे उजळले, तसे संग्रहालयातल्या बरणीने कधी उजळवले नव्हते.

इंजेक्शनचा उल्लेख आला म्हणून. मलकापुरात मोठं हॉस्पिटल असल्याने माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका कधी ना कधी कुठल्यातरी वॉर्डात नोकरी केलेल्या. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर मिथाइलअर्गोमेट्रिन देतात. वॉर्डात त्याला सगळे मेथार्जिनच म्हणतात. आज पहिला मान ऑक्सिटोसिनचा, पण मेथार्जिनची कुपी फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर, ठेवलेली असते. देण्याआधी सिस्टर रक्तदाब बघते, जास्त असेल तर देत नाही. कारण उघड आहे: गर्भाशय आवळणारा गुण आणि रक्तवाहिन्या आवळणारा गुण हे एकाच घराण्यातले. अर्गोमेट्रिन १९३५ मध्ये लंडनला डडली आणि मॉयर यांनी वेगळं केलं. अर्गोटामिन त्याआधी, १९१८ साली, बाझेलच्या सँडोज कंपनीत आर्थर स्टोल यांनी. त्याच कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये लायसर्जिक आम्लापासून एलएसडी बनवलं आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम स्वतःवर अनुभवला. ती कथा लोकांना फार आवडते, म्हणून मी ती इथेच सोडते.

क्लॅव्हिन सौम्य म्हणून निरुपद्रवी, असं मात्र समजू नये. ऱ्होडेशियात अरगटी बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिल्लं व्यायल्यावर दूधच येईना, हे पन्नासच्या दशकातच लक्षात आलं होतं. हे रेणू दूध आणणारं प्रोलॅक्टिन संप्रेरक दाबतात. बाळ दगावलेल्या आईचं दूध थांबवायला डॉक्टर ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिन देतात, तीही याच रेणूच्या सांगाड्यावर उभी केलेली औषधं. म्हणून माझं माहेरी सांगणं असतं: पाखडून निघालेल्या काळ्या गाठी दुभत्या म्हशीच्या आंबोणात टाकू नका.

पुंजक्यांची ही भाषा फक्त अरगटची नाही. सांगली जिल्ह्यात, तासगाव-पलूसकडे, द्राक्षाचे घड ‘जीए’च्या पाण्यात बुडवतात, मणी लांबवायला. ते जिबरेलिक आम्ल भाताला लागणाऱ्या एका बुरशीचं उत्पादन. रोगट भाताची रोपं विचित्र उंच वाढून कोलमडतात, ते तैवानमध्ये कुरोसावा यांनी १९२६ साली बुरशीच्या रसाने घडवून दाखवलं, आणि १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला नाव दिलं. त्यामागचा सात जनुकांचा पुंजका मुन्स्टरमध्येच, बेटिना टुडझिन्स्की यांच्या गटाने उलगडला. शेंगदाण्यावरचं अफ्लाटॉक्सिनही पुंजक्यातून येतं, पण त्यावर स्वतंत्र लेख हवा.

घरच्या बाजरीपुरतं करायचं ते सोपं आहे. कृषी खात्याची जुनी शिफारस पेरणीच्या बियाण्यासाठी आहे, आम्ही ती खायच्या दाण्यालाही लावतो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, बाजरी ओतून ढवळायचं. गाठी हलक्या असल्यामुळे वर तरंगतात. त्या आणि पोचट दाणे झाऱ्याने काढून जाळायचे. खाली बसलेली बाजरी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायची. मलकापुरात चोवीस तास नळाला पाणी असतं, त्यामुळे मी हे सहज करते. वहिनीने एकदा हिशोब मांडला, “वन्सं, तीन पान्यानं धुवायचं म्हंजी आमचा दोन दिसाचा हंडा गेला की.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बाजारातल्या धान्यात अरगटी दाणे वजनाने ०.०५ टक्क्यांहून जास्त नसावेत, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम. घरच्या शेतातून थेट गिरणीत जाणाऱ्या धान्याला तो नियम कोण लावणार?

अरगटच्या कुळातल्या बुरश्यांचे जनुकसंच २०१३ मध्ये एकत्र छापले गेले, त्यात फ्युसिफॉर्मिसही होती. पुढे या पुंजक्यांतली जनुकं उचलून यीस्टमध्ये घालून लायसर्जिक आम्ल काढण्यापर्यंत मजल गेली आहे. आपल्याकडे जनुक वाचून घेण्याचा खर्च आता पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पात बसतो. मी अजून शिकवत असते तर एकेकाला एकेका बाजारी पाठवलं असतं. एक वडूजला, एक दहिवडीला, एक आटपाडीला, एक जतला. प्रत्येकाने मूठभर गाठी आणायच्या, त्यातलं क्लो-ए वाचायचं आणि बघायचं, की सगळीकडे तो गुळव्या एकाच जागी, एकाच अक्षराने बिघडला आहे, की दर शिवारात वेगळ्या तऱ्हेने.